सोलांजने थांबवलेली लिफ्ट

सोलांज,

तू हे वाचणार नाहीस, मला ठाऊक आहे. चष्मा गोठ्यात विसरायची तुझी सवय, आणि जरा लांबलचक मजकूर दिसला की "मास्तरीणबाई, थोडक्यात सांग" हे तुझं पालुपद. मग थोडक्यात ऐक: तुझं चुकलं, आणि तुझ्या पोराचं तुझ्याहून जास्त चुकलं. गावात त्या दिवसाच्या भलत्याच कहाण्या फिरताहेत. कुणी म्हणतं म्हातारीला भ्रम झाला, कुणी म्हणतं तिने लिफ्टच्या कंपनीवर सूड उगवला. तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून घडलं ते बाकीच्यांना नीट सांगते. मध्ये बोलू नकोस.

सोलांज जॅकमो उन्हाळ्यात गाई राखते आणि हिवाळ्यात चेअरलिफ्ट चालवायची, म्हणजे स्कीवाल्यांना तारेवरच्या खुर्च्यांतून डोंगरावर नेणारा पाळणा. आमच्या डोंगरातल्या निम्म्या घरांचं हेच आहे. जुलैत ज्या उतारावर तिच्या गाई चरतात, त्याच उतारावरून फेब्रुवारीत पॅरिसची, लंडनची कुटुंबं घसरत खाली येतात. वर इमारतींचं जंगल उठलं, एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तारा गेल्या. सोलांजने त्याबद्दल कधी गळा काढला नाही. तिचा राग होता तो एकाच माणसावर, आणि तो माणूस तिच्या पोटचा होता.

फाब्रिस ल्यों शहरात बँकेत आहे. शाळांना हिवाळी सुट्टी लागली की बायको-मुलीला घेऊन स्की करायला येतो, पण आईच्या घरी उतरत नाही. वरच्या टोलेजंग इमारतीत आठवड्याच्या बोलीने फ्लॅट घेतो.

"आई, तिथे कसं, दारातच स्की घालता येतात."

"आणि माझ्या दारात काय समुद्र आहे?"

त्या वर्षी तो आला त्या शनिवारी तिने बटाटे, साय आणि घरचं चीज घालून भलंमोठं ताट भट्टीत लावलं होतं. हे लोक गाड्यांच्या रांगेत अडकले, उशीर झाला म्हणून परस्पर वर गेले आणि पिझ्झा खाऊन झोपले. फोनसुद्धा सुनेने केला. सोलांज तिला म्हणाली, "बरं झालं, मी काही केलंच नव्हतं," आणि पुढचे कितीतरी दिवस तेच बटाटे खात राहिली.

एवढ्यावर तिने लिफ्ट थांबवली असती तर मीच तिला वेड्यात काढलं असतं. प्रश्न लेओनीचा होता. लेओनी म्हणजे फाब्रिसची सात वर्षांची मुलगी, सोलांजची एकुलती एक नात. बापाने तिला स्कीच्या शाळेत घातलं होतं. तिथे लाल कोटातला एक मास्तर बदकाच्या पिलांसारखी पोरांची रांग घेऊन सोलांजच्या लिफ्टपाशी येतो आणि एकेक पोर रांगेतल्या अनोळखी माणसांना वाटून टाकतो: मॅडम, हिला सोबत न्याल? साहेब, हा तुमच्याकडे. सगळीकडे हीच रीत आहे, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सोमवारी लेओनी खुर्चीवरून घसरली, शेजारच्या माणसाने कॉलर धरली म्हणून वाचली. त्यानंतर पोरीचा चेहरा रोज सकाळी पांढरा. सोलांज लिफ्ट चालवायच्या खालच्या केबिनच्या काचेतून ते बघत होती. पोर एकदा बर्फाला भ्यालं की पुन्हा डोंगरात यायचं नाव घेत नाही, हे तिने परक्यांच्या पोरांत पाहिलेलं. आणि फाब्रिस येतो तो बर्फासाठी, आईसाठी नाही. लेओनीने बर्फ सोडला की नात गेलीच.

"एक दुपार माझ्याकडे दे," ती फाब्रिसला म्हणाली. "गोठ्यामागच्या उतारावर नेते. तू तिथेच शिकलास."

"शुक्रवारी तिची परीक्षा आहे, आई. बिल्ला मिळतो. मधेच वर्ग बुडवला तर मागे पडेल."

"कुणाच्या मागे?"

"तुला नाही कळायचं."

हे तो, जिला धरून उभा राहायला शिकला, तिला सांगत होता.

शुक्रवारी सगळी पोरं छातीवर नंबर लावून आली. फाब्रिस कठड्याशी फोन उंच धरून उभा. मास्तरने लेओनीला एका जोडप्याच्या मधे उभं केलं. खुर्ची मागून येत होती. पोरीने केबिनकडे पाहिलं आणि इतकंच म्हणाली, "आजी, मला वर नको पाठवू."

सोलांजने बटण दाबलं.

थांबवायचं बटण रोज दाबावं लागतं. कुणी पडतं, कुणाची काठी अडकते. पडलेल्याला उठवायचं आणि पुन्हा चालू करायचं. सोलांज केबिनबाहेर आली, लेओनीचे स्की सोडवले, तिला कडेवर घेतलं आणि खाली चालू लागली. जाताना केबिनला कुलूप घालून चावी खिशात टाकली. केबिन सोडताना ती इतकी वर्षं हेच करत आली होती. हात आपले आपण करतात. लिफ्टवरचा जोडीदार जेवायला गेलेला. चावीशिवाय लिफ्ट चालेना, आणि वर तारेवर वाऱ्यात माणसं लटकलेली.

फाब्रिस बूट आपटत मागे धावला. "आई, अगं लोक लटकलेत वर."

"लटकू दे. बसायला खुर्ची आहे त्यांना."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. तुझी आहे ना."

त्या लोकांत लहान पोरंही होती, आणि कंपनीचा साहेब दुसरी चावी घेऊन बर्फावरच्या स्कूटरवरून पोचेपर्यंत ती गारठून रडत होती. हे मी झाकणार नाही. सोलांजनेही झाकलं नाही. साहेबाने विचारलं, मुद्दाम केलंस? "केलं म्हणा," ती म्हणाली. विसरले म्हणायला तिला लाज वाटली. त्याच संध्याकाळी तिला घरी बसवलं.

तोवर गोठ्यामागे काय झालं ते कुणी सांगत नाही, कारण ते कुंपणापलीकडून मी एकटीने पाहिलं. सोलांजने लेओनीचे ते प्लास्टिकचे जड बूट काढले, फाब्रिसच्या लहानपणीचे लाकडी स्की तिच्या पायात चढवलेल्या घरातल्या जुन्या साध्या बुटांना पट्ट्यांनी बांधले आणि म्हणाली, "खाली यायचं नाही. आधी आडव्या पावलांनी वर चढायचं, बर्फ तुडवत. जेवढा तुडवशील तेवढाच उतार तुझा." पोरगी चार हात चढली, पडली, उठली. पुन्हा चढली. मग तेवढ्याच उतारावरून गोठ्याच्या भिंतीपर्यंत घसरली, भिंतीवर आदळली आणि हसत सुटली. उजवा पट्टा तुटला.

फाब्रिस गोठ्याच्या मागच्या दारात उभा होता. त्याने ते हसू पाहिलं, माझी खात्री आहे. तरी म्हणाला, "चल, मास्तरांची माफी मागायचीय."

"मी इथे शिकणार."

"इथे काही शिकवत नाहीत."

सोलांजने पोरीचे प्लास्टिकचे बूट त्याच्या हातात दिले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. पुढच्या हिवाळ्यात ते लोक समुद्रावर गेले. नाताळात लेओनीचा फोन आला: आजी, बाबाचे स्की मला पाठव.

आता तू ऐक, सोलांज. ल्योंला बर्फ फारसा पडत नाही म्हणून काय झालं, पोरीने मागितले आहेत. पट्टा खालच्या गावातल्या खोगीरवाल्याकडे शिवून घ्यायचा, मग ते मी ल्योंला बहिणीकडे जाताना गाडीतून न्यायचे, असं आपलं ठरलं होतं. मी तुझ्या दारापुढे दोनदा हॉर्न वाजवला. एकदा तुझी गाय व्यायला आली होती, एकदा तू दारच उघडलं नाहीस. स्की अजून तुझ्या गोठ्यात आहेत, आणि मी परवा बहिणीकडे रिकाम्या गाडीने जाऊन आले.