खोकडाचे उघडे डोळे

भोरच्या पेठेतले आमचे फोटोवाले बोलायचे कमी, पेन्सिल चावायचे जास्त. त्याच पेन्सिलीनं ते फोटोच्या काचेच्या निगेटिव्हवर गिऱ्हाइकांच्या तोंडावरचे देवीचे वण घालवत.

भाटघरच्या माळावर पहाटेच्या उजेडात त्यांनी खोकड टिपलं. तो फोटो पाहून संस्थानचे एक अंमलदार म्हणाले, "याचे डोळे मिटवा अन् शेजारी बंदूक घेतलेला मी बसवा. शिकार माझी!"

"वण पुसतो म्या, रावसाहेब. जीव न्हाई घेत."

"दुकानाचा परवाना कोण देतं, ठाऊक आहे ना?"

"व्हय. तुमीच."

संस्थानच्या कारभाराविरुद्धची पत्रकं चोरून वाटत हिंडणारा मी कोपऱ्यात गठ्ठा सदऱ्याआड सारत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला सरकारी टाळं होतं. समोरच्या निंबाला मात्र खोकडाचा फोटो टांगला होता, उघड्या डोळ्यांचा. खाली स्टुलावर फोटोवाले पेन्सिलीला टोक काढत होते. मला म्हणाले, "या. पत्रकं आता हितंच वाटा."