ढोलापुढे माझं भाषण

तळोद्यात गाण्या-बजावण्याचा कार्यक्रम असला की आधी बोलायला मला बोलावतात. निवृत्त मराठी शिक्षक, आवाज खणखणीत, आणि मानधन म्हणून नारळ पुरतो. ‘मंत्रमुग्ध’, ‘काळजाला भिडणारे सूर’, ‘अंगावर शहारा’ हे शब्द माझ्या खिशात कायम. गाणारा कसाही गाओ, माझं भाषण पडत नाही. बायको म्हणते, “तुम्ही गानं आयकतस का नुसतं बोलतस?”

होळीच्या आधी कॉलेजच्या सभागृहात लोककलेचा कार्यक्रम होता. मोलगीकडचे एक म्हातारे बाबा नवा ढोल घेऊन आले होते. लाकूड स्वतः पोखरलेलं, कातडं स्वतः चढवलेलं, सहा महिने त्यातच गेलेले. पडद्यामागे मला म्हणाले, “गुरजी, आज पयल्यांदा वाजवणार. लोक उठून नाचले तर होळीला हाच. नाही उठले तर कातडं उतरवायचं. माझी रीत हाय.” मी “वा वा” म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हा मी ‘आदिम’ आणि ‘स्वर्गीय’ यातला कुठला शब्द आधी घ्यावा, या विवंचनेत होतो.

चांगली दहा मिनिटं बोललो. टाळ्या मलाच जास्त पडल्या. मग बाबांनी काठी उचलली आणि पहिल्या ठोक्यालाच पायाखालची फरशी हलली. मागच्या रांगेतली, त्यांच्याच गावाकडची माणसं उठायला लागली, खुर्च्या सरकल्या. समोर पाहुणे बसलेले! मी झटकन माइक ओढला. “बसून घ्या, बसून घ्या! कलेचा मान ठेवा. शांतपणे आस्वाद घ्या!”

बिचारी माणसं बसली. सभागृह कसं चिडीचूप झालं. मला केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू!

कार्यक्रम संपल्यावर बघतो तर बाबा आवारात बसून ढोलाच्या दोऱ्या सोडत होते. मी धावतच गेलो.

“अहो बाबा, थांबा! लोक उठत होते. मीच बसवलं त्यांना.”

ते हसले, दोरी सोडतच राहिले. “तुम्ही सांगितलं म्हणून बसले ना? ढोल खरा असता तर तुमचं कोणी आयकलं असतं का?”

“अप्रतिम वाजला हो! काळजाला भिडला!” मी अजूनही आपला तेच.

“ते तुम्ही वाजायच्या आधीच बोलले होते, गुरजी.”

मग मात्र मला राहवलं नाही. लाज गुंडाळून खरं ते सांगितलं. ढोल वाजत असताना मंचावरच्या टेबलाखाली माझा उजवा पाय सारखा ठेका धरत होता, आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून मी तो डाव्या पायाने दाबून धरला होता.

बाबांचा हात थांबला. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“मंग उठले का नाही?”

मी पाय मागे घेतला. त्यांनी शेवटची दोरी सोडली.