पिन उपसणारे चाचा

"लिवलं म्हणतंय. पर लिवलंय का?" असं म्हणत चाचा संगणकाच्या डब्यावर तळहात ठेवायचे. आतली डिस्क कुरकुरली की ते हाताला कळायचं. पत्र टाकल्यावर टपालपेटीवर थाप मारून ते खाली पडल्याची खात्री करणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. चाचा त्यांतलेच.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी राजारामपुरीतल्या एका रक्तपेढीत लागलो. राधानगरीकडचा, घरातला पहिला पदवीधर. नोकरी सहा महिन्यांच्या बोलीवर. चाचा तिथली मशिनं सांभाळायचे. शिक्षण दहावी, आधीचा धंदा रेडिओ दुरुस्तीचा. मला ते ‘इंजिनेर’ म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती, हे मला कधी कळलं नाही.

पेढीच्या नोंदी रजिस्टरातून संगणकावर न्यायच्या होत्या. तीन सारखी मशिनं मागवली, त्यांत तीन वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम. तिघींना हुकूम एकच: रक्ताच्या पिशवीची नोंद डिस्कवर उतरल्याशिवाय ‘झालं’ म्हणायचं नाही. मी घड्याळ लावून मोजलं. एक सिस्टिम बाकी दोघींपेक्षा कितीतरी लवकर ‘झालं’ म्हणत होती. मी तक्ता काढला, तिचीच शिफारस लिहिली आणि खाली झोकात सही केली. आयुष्यातला पहिला अहवाल होता तो.

पेढीच्या प्रमुख डॉक्टरांनी तो वाचला. चाचा म्हणाले, "सायेब, एक डाव पिन उपसू?"

"वीज गेली तर यूपीएस आहे की, चाचा," मी म्हणालो.

"यूपीएस बी माणसानंच केलाय न्हवं."

यूपीएस बाजूला काढून त्या वेगवान मशीनवर मी सरावाच्या नोंदी सुरू केल्या. पडद्यावर ‘झालं’ दिसेल तसा डॉक्टर क्रमांक वाचत होते. ते "चाळीस" म्हणाले आणि चाचांनी भिंतीतली पिन उपसली. मशीन पुन्हा चालू केलं, तर शेवटची नोंद एकतिसावी. नऊ पिशव्या, रक्तगटासकट, कुठंच नव्हत्या; ‘झालं’ म्हटलं तेव्हा त्या डिस्कवर उतरल्याच नव्हत्या. बाकीच्या दोन संथ मशिनांचीही पिन तशीच उपसली, तर वाचलेला प्रत्येक क्रमांक सापडला.

डॉक्टर माझ्या सहीकडे बघत राहिले. आता गावाकडची एसटी धरायची, एवढंच माझ्या मनात आलं.

चाचा पिन परत खोचत म्हणाले, "इंजिनेरानं वेग मोजला. बरोबर मोजला. खोटं मशीन बोललं, त्याच्याकडं कशाला बघतायसा?" मग माझ्याकडे वळून, "दुसरा कागद लिव. पिन उपसल्याचं बी लिव. सही तूच कर."

माझी नोकरी टिकली. त्यांचे आभार मात्र तोंडावर मानायला जमलं नाही. निवृत्त होऊन ते हातकणंगल्याला राहायला गेले, तेव्हा पत्र लिहिलं. टपालपेटीत टाकलं, वर थाप मारली. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा पेढीत आला. चाचा गेल्याचं त्यानं सांगितलं. जाता जाता दारात थांबला.

"तुमचं पत्र पोचलतं. अब्बांना दिसत न्हवतं, मीच वाचून दाखवलं. म्हणाले, आणि एकदा वाच."