कुत्र्याचे अर्धे उत्तर

बाइंडरचा हात तीस वर्षांत सूतभरही चुकला नव्हता. त्या दिवशीही चुकला नाही. दुखणे तेच होते. शाळेच्या ग्रंथालयातून आलेली जीर्ण पुस्तके त्याने शिवली, कटिंग मशीनखाली दाबली आणि कडा सफाईने छाटल्या. पुठ्ठा चढवण्यासाठी त्यातले एक उघडले, तेव्हा समासात बायकोचे अक्षर दिसले.

ती त्याच शाळेत शिकवायची. ती वारून दोन वर्षे झाली होती. पुस्तक प्राचीन ग्रीक प्राणिकथांचे, तेही परभाषेतले. लांडगा आणि कुत्र्याच्या गोष्टीशेजारी तिने पेन्सिलीने आपल्या भाषेत ओळीओळीने भाषांतर केले होते. उपाशी लांडगा धष्टपुष्ट कुत्र्याला विचारतो, मानेवरचे केस का झडलेत? कुत्रा म्हणतो, “पट्ट्याने. सवय झाली आहे, पण” आणि तिथेच, त्याने छाटलेल्या कडेशी, कागद संपला होता.

त्याने तीन दिवस पोत्यातली कातरण चाळली. पेन्सिलीच्या खुणांचे सात तुकडे मिळाले. एकही जुळला नाही. मग त्याने त्या कथेची मिळतील तेवढी भाषांतरे मिळवली. एकातला कुत्रा म्हणतो, त्यात काय विशेष. दुसऱ्यातला म्हणतो, रात्री सोडतात की. तिसऱ्यातला विषयच बदलतो. ‘पण’ कुणीच म्हणत नव्हता. म्हणजे तेवढा भाग तिच्या पदरचा.

लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला दूरच्या शहरातून भाषांतराच्या कामासाठी बोलावणे आले होते. “दुकान काही हलवता येत नाही,” एवढेच तो म्हणाला होता. ती “बरं” म्हणाली आणि त्या गोष्टीवर पडदा पडला.

शेवटी पुस्तक घेऊन तो मेहुणीकडे गेला.

“तुझ्या ताईनं पुढं काय लिहिलं असेल?”

“भावोजी, मी काय ज्योतिषी आहे?”

“तुला सगळं सांगायची ती.”

“तुमचा विषय काढला की हसायची. म्हणायची, आमचे हे मशीनच आहेत, कळ दाबल्याशिवाय आवाज करत नाहीत.”

तो कसाबसा हसला. “तिला जायचं होतं का?”

“हे तिला कधी विचारलंत?”

तो पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

“मग आता माझ्या तोंडून काय वदवून घेता? मी काहीही ठोकून देईन, आणि तुम्ही तेच धरून बसाल. चहा घ्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तशाच पिवळट कागदाची पट्टी कापून त्या पानाच्या कडेला खळीने जोडली. वाळल्यावर पेन्सिल हातात घेतली. कुत्र्याच्या तोंडी घालायला चार उत्तरे त्याच्यापाशी तयार होती, आणि चारही त्याला सोयीची होती. ती त्याने बाजूला सारली. तिच्या ‘पण’च्या पुढची जागा मोकळी सोडून खाली आपल्या जाडजूड अक्षरात लिहिले: तुला जायचं होतं का गं?

शाळेत गठ्ठा पोहोचला, तेव्हा त्यात एक पुस्तक कमी भरले.