दसऱ्याचा शर्ट आणि लाल गोंडा

घाटकोपरच्या प्रौढ साक्षरता वर्गात शेवंतीबाई परब माझ्या शेजारी बसत. त्यांच्यामुळेच त्यांचे यजमान धाकू परब यांचा मला परिचय झाला. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते एका सराफाच्या पेढीवर रखवालदार होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ते शर्टाखाली, कमरेच्या चामडी होल्स्टरमध्ये बाळगत. भजनात ते पखवाज इतका जलद वाजवीत की गाणाऱ्यांची दमछाक होई. एका कामात मात्र ते मुद्दाम संथ असत.

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्याला शेवंतीबाईंनी आयुष्यात प्रथमच एक शर्ट शिवला. त्याच्या खालच्या काठाला त्यांनी हौसेने लाल गोंड्याची नाडी ओवली. यजमान तो घालतील ना, एवढीच त्यांना धाकधूक होती.

शस्त्रपूजा आटोपून धाकूंनी शर्ट घातला आणि रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या भरल्या. मग भिंतीकडे तोंड करून त्यांनी डाव्या हाताने शर्ट वर धरला, बोट चापापासून दूर सरळ ठेवले आणि खाली पाहत रिव्हॉल्व्हर सावकाश होल्स्टरमध्ये सरकवू लागले.

"अहो, सगळी चाळ सोनं वाटून मोकळी झाली, तुमचं खोचणं काही संपेना," शेवंतीबाई म्हणाल्या.

"बाहेर काढायची घाई असते गो. आत ठेवायची कसली?"

तेवढ्यात काहीतरी अडले. धाकूंनी जोर न लावता रिव्हॉल्व्हर परत बाहेर काढले. गोंडा चापाभोवतीच्या कडीत शिरला होता. रेटले असते तर चाप ओढला जाऊन गोळी मांडीतच गेली असती. शेवंतीबाईंचा चेहरा उतरला.

धाकूंनी रिव्हॉल्व्हर देव्हाऱ्यापाशी ठेवले, आरशात स्वतःला न्याहाळले आणि ते हसू लागले.

"शर्ट झकास झालाय, हाच घालून पेढीवर जाणार," ते म्हणाले. "हा गोंडा तेवढा कापून दे."