लाहाईचा टोल

सेमाबू गावात कायदा होतो तो दवंडीनं आणि उठतो तोही दवंडीनंच. ज्याच्या नावानं दवंडी दिली, मग तो कुणीही असो, त्यानंच ती मागे घ्यायची, आणि तीही त्याच लोखंडी टोलावर, दवंडीवाल्याच्या घरच्या माणसाकडून. एरवी मुखियाच्या घरी कितीही चर्चा झाली तरी कायदा जागचा हलत नाही.

इबोलाच्या साथीत मुखिया वांदीनं, ज्याला सगळे आदरानं 'पा' म्हणत, आपल्या नावानं तीन कायदे काढले. घरात ताप आला की उजाडताच सांगायचं. बाळंतपण घरी करायचं नाही. आणि तालुक्याहून नर्स येणार आहे, तिला दर घरानं आठवड्याला पेलाभर तांदूळ द्यायचा. दवंडीवाला लाहाई टोल बडवत गावभर ओरडून आला. नवव्या दिवशी तो स्वतःच तापानं गेला. नर्स त्यानंतर चार दिवसांनी आली.

त्याच्या बायकोला, बाइंदूला, कामाला लावलं ते या नर्सनंच. तिचं नाव याबोम. एकवीस दिवस घरोघर जायचं आणि कुणाला ताप आहे का ते विचारायचं. एकवीस दिवस झाले, साथ गेली, तंबू गुंडाळले गेले, पांढऱ्या गाड्या निघून गेल्या. बाइंदूची फेरी चालूच. साथ संपली असं कुणी तोंडावर सांगितलं, तर "आणि ताप?" असं विचारून ती पुढच्या दाराशी जाई. मलेरियाची पोरं वेळेवर याबोमपुढे पोचू लागली. पूर्वी वर्षाला दोन-तीन बाळंतिणी जायच्या, साथीनंतरच्या दोन वर्षांत एकही गेली नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पेलाभर तांदूळ मात्र दर आठवड्याला लक्षात येई.

रोग गेला आणि रोगाचा तांदूळ मागे राहिला, अशी कुरकुर सुरू झाली. तेवढ्यात तालुक्याचा कागद आला. साथीतून सरकार शहाणं झालं होतं. जे गाव नर्सला पोसेल, तिथं ती कायमची, औषधांसकट. बाकीच्या नर्सा महिनाअखेर परत. म्हणजे कायदा उठला की याबोम गेली. तरीही पा वांदीनं टोल मागवला. बाइंदूनं निरोप धाडला की टोल साथीत क्लोरीनच्या पाण्यात धुतला होता, सुकला की देते.

शेवटी म्हातारा मुखिया स्वतः तिच्या घरी आला. कसाव्याच्या पाल्याचं कालवण आणि भात पोटभर जेवला आणि मग मुद्द्यावर आला.

"बाइंदू, टोल सुकला का?"

"नाही, पा."

"दोन वर्षं झाली."

"मधे दोन पावसाळे झाले."

पा वांदीनं हात पुसले. "गाव माझं डोकं खातंय, बाई. शुक्रवारी नमाजानंतर माझे कायदे उठव. तुझ्या घराशिवाय कोण उठवणार?"

बरं, म्हणाली ती. हे कळल्यावर याबोमनं जायच्या तयारीनं पिशवी भरायला घेतली.

शुक्रवारी बाइंदू मशिदीसमोर उभी राहिली. अंगानं काडी, पण आवाज नवऱ्याच्या तोडीचा. टोल अगदी कोरडा होता. पा वांदीच्या नावाचे तिन्ही कायदे उठले, असं तिनं सांगितलं. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि ते चपला शोधू लागले. तिनं पुन्हा टोल बडवला. ताप आला की उजाडताच सांगायचं. बाळंतपण घरी करायचं नाही. नर्सला दर घरानं आठवड्याला पेलाभर तांदूळ. मग रिवाजाप्रमाणे तिनं कायदा कुणाचा ते सांगितलं.

"हा शब्द लाहाईचा."

चपला शोधणारे हात थांबले. मेलेल्या माणसाचा शब्द त्याच्याशिवाय कोण मागे घेणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सगळे पा वांदीकडे बघू लागले. पा वांदी आपल्या काठीकडे बघत होता.

"लाहाईला विचारलंस का?" तो अखेर म्हणाला.

"विचारलं. नर्स चार दिवस आधी आली असती तर मीच दवंडी दिली असती, म्हणाला."

लाहाईला शेवटचं पाणीसुद्धा दुरून, काठीला डबा बांधून दिलं होतं. ती काठी धरणाऱ्यांतले दोघे समोरच उभे होते.

पा वांदीनं खाकरून घसा मोकळा केला.

"पेला सपाट, की शीग लावून?"

"शीग लावून," बाइंदू म्हणाली, आणि टोल काखेत मारून फेरीला निघाली.