सातव्यांदा वापरलेली निळी पूड

१२ जून १९८६. कॉलेज उघडण्याआधी रसायनांच्या कपाटाची मोजदाद करत होते. शिपाई महादेव दारातूनच म्हणाला, "बाई, शरदसर गेले. नागपूरले. हार्टअटॅक." मी हातातली बाटली जागेवर ठेवली आणि पुढची उतरवली. त्याला आता पाच आठवडे झाले.

शरद आणि मी एम.एस्सी.ला एका वर्गात, मग इथे एकाच प्रयोगशाळेत. तो लाखनीहून सायकलने यायचा. सत्तरच्या दशकात आम्ही कोबाल्ट थॅलोसायनिन तयार केलं, गर्द निळी पूड. ती घालून बेन्झिल अल्कोहोलमधून गरम असताना हवा सोडली की त्याचं बेन्झाल्डिहाइड होतं, कडू बदामाच्या वासाचं. पूड तशीच उरते, पुन्हा वापरता येते. पण आमची पूड दुसऱ्या वापराला थकायची. शरद म्हणाला, "फेक ते, सुधा. कायले जीव टाकून राहिली?" मी फेकली नाही. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात धुतली, घरी चहाची तुंबलेली गाळणी धुते तशी. बेन्झाल्डिहाइडचंच पुढे होऊन पुडीवर बसलेलं आम्ल निघालं आणि ती पुन्हा चालली. असे सात वापर झाले. इतर लोक फ्लास्कवर हाताने वारा घालून वास घेतात, शरद सरळ नाक खुपसायचा. "आला बदाम. वाट मिठाई आता."

मग या कामावरचा शोधनिबंध छापून आला. त्यावर दोन नावं, शरदचं आणि नागपूरच्या त्याच्या मार्गदर्शकांचं. शेवटी बारीक अक्षरात माझे आभार... काचसामान धुतल्याबद्दल.

मी विचारलं. तो म्हणाला, "तुले नाव कायले पाहिजे? तू तं पर्मनंट आहेस. मले डॉक्टरेटबिगर नागपूरले कोण घेते?"

"मी याच कामावर प्रबंध लिहितेय, शरद."

"तुझ्याबिगर झालंच नसतं, हे मी साऱ्याईले सांगतो ना."

सांगायचा, हे खरं. लिहिलं मात्र कुठेच नाही. हे काम आधीच छापलेलं आहे, असा शेरा घेऊन माझा प्रबंध विद्यापीठातून परत आला. शरद डॉक्टर होऊन नागपूरला गेला. दिवाळीला त्याचं कार्ड यायचं. मी उत्तर दिलं नाही.

महादेवने बातमी दिली त्या दिवशी कपाटाच्या मागच्या रांगेत ती बाटली सापडली. चिठ्ठीवर माझं अक्षर, 'सातवा वापर'. झाकणावर शरदच्या अंगठ्याचा निळा ठसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूड सोड्यात धुऊन वाळवली आणि प्रयोग लावला. दुपारी वास आला. मी फ्लास्कमध्ये सरळ नाक घातलं. मग वहीत लिहिलं, 'आठवा वापर', आणि खाली माझं पूर्ण नाव. फ्लास्क मात्र धुतला नाही.